डावा बूट

आमचा वर्ग भरतीची वेळ बघून ठरतो.
या मंगळवारी सहाला, पुढच्या मंगळवारी साडेचारला,
कारण ओहोटी लागली की आम्ही सगळ्या
गुडघाभर चिखलात, आरोसाच्या खाडीत,
दाताळं ओढत, शिंपल्या वेचत.
मासळीच्या लिलावाचा हॉल खाली, आम्ही वर.
अकरा निळ्या चटया, अकरा बायका,
आणि वास, तो जिना चढून आमच्याआधी येऊन बसलेला.

शिकवणारा ब्राइस. सव्वीस वर्षांचा. पांढरे मोजे.
याची आई माझ्या शेजारी वाकायची
तेव्हा हा तिच्या पोटात होता.
आता मला सांगतो, दोसिंदा, बेंबी मणक्याकडे ने.
मी म्हणते, बाळा, मधे बरंच काही आहे,
बटाटे आहेत, डुकराची चरबी आहे, तीन बाळंतपणं आहेत,
वाट काढायला वेळ लागेल.

डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला होता.
चौथा नि पाचवा मणका, मधली गादी चपटी,
जुन्या नळाच्या वायसरसारखी.
वाकू नका, म्हणाले.
मी विचारलं, मग शिंपल्या वर येतील का?

लग्नाआधीपासून डोक्यावर टोपली वाहिली मी,
धक्क्यापासून बाजारापर्यंत, चढाने.
पाणी निथळायचं मानेवरून,
पण एक शिंपली कधी सांडली नाही.
आणि इथे, सपाट फरशीवर, रिकाम्या डोक्याने,
एका पायावर तीन सेकंद.
तीन. मग खुर्ची.
एरुंदिना तर खुर्चीसकट गेली,
आणि आम्ही इतक्या हसलो
की ब्राइस पांढरा पडला, त्याला वाटलं कुणी विव्हळतंय.

तोल डोक्यात असतो असं मी धरून चालले होते.
तो म्हणतो, तळव्यात असतो, अंगठ्याच्या मुळाशी,
आणि ओटीपोटात, अगदी खाली,
जिथलं आपण चारचौघांत बोलत नाही.
श्वास सोड. सोडता सोडता आतून उचल.
रांगायला ये. उजवा हात पुढे, डावा पाय मागे.
माकडहाडावर भरलेला पेला आहे असं समज.
कसला पेला, मी विचारते.
पाण्याचा, तो म्हणतो.
आमच्यातल्या एकीनेही पाण्याचा धरला नसावा.

दुखेपर्यंत पाठ म्हणजे नुसती मागची बाजू.
बाकी सगळं पाठ होतं मला:
कोणत्या अमावास्येला पाणी किती मागे सरतं,
कोणत्या खडकाच्या सावलीत मोठी शिंपली मिळते,
पाठच्या बहिणीचा जिनिव्हातला नंबर,
ती उचलत नाही तरी.
माझी पाठ तेवढी मला पाठ नव्हती.
आता एकेक मणका चटईवर टेकवते,
जपमाळेचा मणी सरकवावा तसा,
आणि चौथ्यापाशी थांबते.
तो अजून दुखतो.
दुखू दे. निदान ओळख झाली.

नोव्हेंबरात पाच सेकंद. नाताळात सात.
फेब्रुवारीत सर्दी झाली, परत चार.

आज पहाटे, पाणी ओसरायच्या आधी,
फुको नेहमीसारखा पलंगापाशी खाली बसला.
चार वर्षं तोच चढवतो मला रबरी बूट.
मी काठावर बसते, छताकडे बघते,
तो काही म्हणत नाही, मीही नाही.
आज मी बसलेच नाही.
भिंतीवरचा हात सोडला,
श्वास सोडला,
उजव्या पायावर उभी राहिले
आणि डावा बूट ओढून घेतला, पोटरीपर्यंत.
किती सेकंद, कुणी मोजले.

फुको तसाच, एका गुडघ्यावर,
उजवा बूट दोन्ही हातांत धरून,
बस चुकलेल्या माणसासारखा.

तोही घालता आला असता मला.
मी पलंगाच्या काठावर बसले
आणि पाय पुढे केला.